३०६० की ४०६०: लाइट जाणाऱ्या गावातला हिशेब

कोकणात बसून लग्नाचे, जत्रेचे, नाटकांचे व्हिडिओ एडिट करायचे, जमलं तर रात्री थोडा गेम खेळायचा, आणि बजेट असं की घरी आकडा सांगताना आपसूक आवाज खाली यावा. अशा माणसाला ग्राफिक्स कार्ड घ्यायचं झालं की घोडं हमखास दोन नावांपाशी अडतं: आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवालं, आणि आरटीएक्स ४०६०, ८ जीबीवालं. ही दोन्ही कार्डं मी माझ्या मशीनमध्ये वापरली आहेत. एक आता कुडाळला भाच्याकडे आहे, एक माझ्याकडे. कोणतं कुठे, ते ओघात येईलच.

बाकीची नावं मी का सोडली, ते दोन ओळींत. इंटेलचं आर्क बी५८० कागदावर फार गोड दिसतं, १२ जीबी मेमरी आणि किंमतही कमी. पण ते १९० वॅट मागतं, आणि ज्या मदरबोर्डात रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नाही तिथे बराच वेग गमावून बसतं. आपल्याकडची निम्मी मशीनं तशीच जुनी. एएमडीचं आरएक्स ७६०० गेमसाठी छान आहे, पण माझं पोट गेमवर नाही, आणि ब्लेंडर (थ्रीडी) आणि रिझॉल्व्ह (व्हिडिओ एडिटिंग) या सॉफ्टवेअरच्या कामात मला एनव्हिडियाची, म्हणजे आरटीएक्स बनवणाऱ्या कंपनीची, सवय जडलेली. सवय हे काही मोठं कारण नव्हे, पण आहे.

आता कागद. ३०६० फेब्रुवारी २०२१ चं, ४०६० जून २०२३ चं. सव्वादोन वर्षांनी आलेल्या कार्डाला मेमरी चार जीबीने कमी, म्हणजे ही कसली प्रगती, असं कुणीही विचारील. त्यात मेमरीचा रस्ताही अरुंद: १९२ बिटचा १२८ बिट झाला, सेकंदाला ३६० जीबीची ये-जा २७२ वर आली. याची भरपाई एनव्हिडियाने चिपमधल्या एल२ कॅशने केली. ३०६० मध्ये ती ३ एमबी होती, ४०६० मध्ये २४ एमबी. वारंवार लागणारा डेटा चिपच्या पोटातच सापडला की मेमरीकडे खेपा घालाव्या लागत नाहीत. म्हणून १०८०पी गेममध्ये ४०६० साधारण १५ ते २० टक्के पुढेच राहतं, अरुंद रस्ता असूनही. पण कॅशने खेपा वाचतात, जागा वाढत नाही. मांडवात वाढपी कितीही चपळ असले तरी एका पंगतीला पानं मांडायची तेवढीच मांडता येतात.

आणि ही जागा कमी पडते, ती कुठे पडते ते मी नीट पाहिलेलं आहे. दशावतार.

दशावतार रात्रीचा. देवळापुढे मांडव, मध्ये एक बाकडं, वर दोन-चार हॅलोजन, बाकी सगळा काळोख. अशा उजेडात कॅमेऱ्याचा आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) वर चढवावाच लागतो, आणि तो चढला की काळ्या भागात दाणे नाचायला लागतात. काळ्या वेशातला संकासुर मागच्या अंधाराला टेकून उभा राहिला की त्याचे खांदे कुठे संपतात आणि काळोख कुठे सुरू होतो ते कळत नाही. नुसती मुंग्यांची हालचाल. ती घालवायला रिझॉल्व्हच्या स्टुडिओ आवृत्तीत टेम्पोरल नॉइज रिडक्शन आहे. ते एका फ्रेमची तुलना तिच्या आगेमागच्या फ्रेमांशी करतं, जे हललेलं नाही ते खरं आणि जे लुकलुकतं तो दाणा, असं ठरवतं. म्हणजे एकाच वेळी अनेक फ्रेमा कार्डाच्या मेमरीत धरून ठेवाव्या लागतात. टाइमलाइन ४केची असेल, वर स्टॅबिलायझेशन असेल, रिझॉल्व्हमधल्याच फ्यूजनमध्ये केलेलं एखादं टायटल असेल, तर ८ जीबी बघता बघता भरतात आणि जीपीयूची, म्हणजे कार्डाचीच, मेमरी संपल्याची पाटी येते. १२ जीबीवर तोच भाग निमूट पार पडतो. इथे ३०६० सरळ वरचढ आहे. त्याला फाटे फोडण्यात अर्थ नाही.

गाणं, चित्र, भाषा यांची एआय मॉडेलं घरच्या मशीनवर चालवणाऱ्यांचंही तेच. बोलण्याचं लेखन करणाऱ्या व्हिस्परचं मोठं मॉडेल मूळ रूपात सुमारे १० जीबी मेमरी मागतं. ३०६० मध्ये ते बसतं, ४०६० वर लहान मॉडेल किंवा काटछाट केलेली आवृत्ती घ्यावी लागते. (मालवणी संवादांचं ते काय करतं, हे मात्र विचारू नका.) ब्लेंडरमध्ये मोठे सीन करणाऱ्यालाही १२ जीबीच बरे.

हे सगळं वाचून कुणालाही वाटेल की एडिटिंगवाल्याने ३०६० घ्यावं. मुंबई-पुण्यातला माणूस असता तर मीही तेच सांगितलं असतं बहुतेक.

पण आमच्या कामाचं वेळापत्रक बघा. लग्नं एप्रिल-मेची. शूटिंग करून करून हाडं खिळखिळी होतात आणि टेबलावर खरं काम येतं ते मिरग लागल्यावर. गणपतीला चाकरमानी यायच्या आत पेन ड्राइव्ह त्यांच्या घरी पोचलेले पाहिजेत, कारण ते येणार, पाच दिवस राहणार, आणि टीव्हीसमोर सगळा गोतावळा बसवून लग्न पुन्हा बघणार. म्हणजे वर्षातलं सगळ्यात जास्त रेंडरिंग (एडिट केलेल्याची अंतिम फाइल बनवणं) जून ते ऑगस्टमध्ये. आणि लाइट सगळ्यात जास्त जाते तीही तेव्हाच. मे २०२१ च्या तौक्ते वादळासारखं काही आलं तर बोलणंच खुंटलं, तेव्हा कोणतंच कार्ड कामाचं नसतं. मी म्हणतोय ते रोजचं: वारा सुटला, फांदी तारेवर टेकली, लाइट गेली, दहा मिनिटांनी आली, चहा गाळेपर्यंत परत गेली.

३०६० असताना माझं सगळं अडायचं ते या दहा मिनिटांत. कार्डाच्या वेगाशी त्याचा संबंध नव्हता, मेमरीशीही नव्हता. प्रश्न होता टेबलाखालच्या यूपीएसचा.

घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस. त्याच्या पाठीवर बारीक अक्षरात बहुतेक वेळा ३६० वॅट लिहिलेलं असतं, आणि खरा आकडा तो. आता जोडून बघा. ३०६० पूर्ण जोरात १७० वॅट. मधल्या दर्जाचा प्रोसेसर रेंडरला ९० धरू. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ४०. झाले ३००. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, काही सगळी वीज पुढे पोचवत नाही, थोडी स्वतःच उष्णतेत घालवतो, म्हणून सॉकेटमधून साधारण ३४५ ओढले जातात. मॉनिटरचे २५ वर. ३७०. म्हणजे दहाच वॅटनी मर्यादेबाहेर, पण बाहेर ते बाहेर. लाइट असेपर्यंत यूपीएस मुकाट पुढे वीज सोडत असतो, काही कळत नाही. लाइट गेली की सगळा भार एकदम त्याच्या अंगावर येतो. मग थांबून थांबून येणारी पिक-पिक नाही, एकच लांब किंकाळी, आणि स्क्रीन काळा.

तेच गणित ४०६० घालून करा. कार्ड ११५ वॅट. बेरीज २४५, सॉकेटपाशी २८० च्या आसपास, मॉनिटर धरून ३०५. यूपीएस पिक-पिक करतो, पण तग धरतो. फार वेळ नाही. आत १२ व्होल्टची ७ एएचची बॅटरी असते आणि इतक्या भाराला ती काही मिनिटंच पुरते. पण रेंडर थांबवून प्रोजेक्ट सेव्ह करायला, शांतपणे मशीन बंद करायला तेवढी मिनिटं बास होतात. कितीदा तर तेवढ्यात लाइट परत येते.

हे आकडे कागदावरचे आहेत, तुमच्या मशीनला थोडे इकडेतिकडे होतील. नुसत्या एक्स्पोर्टला कार्ड पूर्ण दमाने चालत नाही. कलर आणि नॉइज रिडक्शन लावलं की चालतं. बॅटरी जुनी असेल तर ४०६० लाही ती दगा देईल. हे सगळं मान्य. तरी माझ्या टेबलावर फरक इतका स्वच्छ दिसला की मी मोजमापाच्या भानगडीत पडलो नाही.

एवढं का जिवाला लागतं म्हणाल, तर एमपी४ फाइल कशी बनते ते बघा. कुठली फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका फाइल पूर्ण झाल्यावर लिहिली जाते. पावणेतीन तासांच्या लग्नाचं रेंडर ९४ टक्क्यांवर असताना मशीन बसलं, तर हाती ९४ टक्के लग्न येत नाही. फाइल असते, तिचा आकारही भरपूर दिसतो, पण ती उघडत नाही. हळदीपासून परत सुरुवात. आणि परत तीन तास लाइट राहील याची हमी पावसाळ्यात कोण देणार?

गंमत म्हणजे खरेदी करताना हे कुठेच दिसत नाही. दोन्ही कार्डांना एनव्हिडिया ५५० वॅटचाच एसएमपीएस सुचवते. दुकानदारही तेवढंच विचारतो, एसएमपीएस किती वॅटचा? यूपीएसबद्दल मला आजवर एकानेही विचारलेलं नाही.

मोठा यूपीएस घ्या ना, असं म्हणणारे असतात आणि त्यांचं चूक नाही. १ केव्हीएचा घेतला तर ३०६० आरामात चालतं. पण त्यात बॅटऱ्या बहुधा दोन, आमच्या दमट हवेत आणि सतत जाणाऱ्या लाइटीत त्या लवकर मान टाकतात, आणि दर वेळी खर्च दुप्पट. जुनं ३०६० घेऊन वाचवलेले पैसे तिथेच जातात.

दुसरा उपाय अधिक हुशारीचा आहे: आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट (वीज ओढायची मर्यादा) ७० टक्क्यांवर आणायची. १७० चे १२० वॅट होतात, वेग उतरतो पण फार नाही. मी काही काळ तसंच चालवलं आणि ज्याच्याकडे ३०६० आधीपासून आहे त्याने नवं कार्ड घेण्यापूर्वी हे करून बघावं, फुकटचं आहे. मात्र आधीच मागे असलेलं कार्ड आणखी मागे पडतं. शिवाय विंडोज नव्याने टाकलं की ती सेटिंग गेलेली असते, आणि ते आठवतं ते यूपीएस किंचाळल्यावरच.

लाइट तासन्‌तास गेली की प्रकरण यूपीएसवरून घरच्या इन्व्हर्टरवर जातं. तिथे तर वॅटाला घरच्यांचा पहारा. दोन कार्डांतला साठेक वॅटचा फरक म्हणजे जवळपास जुन्या पद्धतीचा एक सीलिंग फॅन, कमी वीज खाणाऱ्या नव्या बीएलडीसीचे दोन. आमच्या आईला ग्राफिक्स कार्डातलं काही कळत नाही, पण संध्याकाळी सातला लाइट गेली की तिचा हुकूम ठरलेला: "रे झिला, तो तुझो कॉम्प्युटर बंद कर आधी. रात्री पंखो नको काय?" ४०६० आल्यापासून हुकूम तोच आहे, फक्त थोडा उशिरा येतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच (लाइटीसारखीच गुळगुळीत लहर देणारा) असू द्या, एवढं जाता जाता. स्क्वेअर वेव्हवर चांगले एसएमपीएस कुरकुरतात, काही तर बंदच पडतात, आणि लोक शिव्या कार्डाला देतात.

४०६० ची दुसरी एक गोष्ट मला घेतल्यानंतर आवडायला लागली, ती एव्ही१, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत. ३०६० एव्ही१ व्हिडिओ दाखवू शकतं, बनवू शकत नाही. ४०६० हार्डवेअरमध्येच बनवतं. जुन्या एच.२६४ पद्धतीपेक्षा ४० टक्के कार्यक्षम, हा एनव्हिडियाचा दावा. मी टक्के मोजले नाहीत, पण रात्रभराचं नाटक यूट्यूबवर चढवताना फाइल लक्षात येण्याइतकी लहान होते. फायबर आमच्या वाडीत आहे, पण पावसात तोही लाइटीच्याच वाटेने जातो, मग मोबाइलच्या रेंजवर अपलोड करताना लहान फाइलीची किंमत कळते. गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हसाठी मात्र एच.२६४ च ठेवा. गावातल्या जुन्या टीव्हींना एव्ही१ ओळखता येत नाही, आणि रात्री साडेदहाला फोन येतो की लग्न लागत नाही.

खारी हवा हा मुद्दा कोणी फारसा काढत नाही. मालवणात समुद्राजवळ घर असलं की लोखंडाचं काय होतं ते सांगायला नको. कार्डाच्या पट्टीचे स्क्रू दुसऱ्या पावसाळ्यात तांबूस दिसायला लागतात. त्यापेक्षा वाईट म्हणजे उष्णता घालवणाऱ्या पात्यांमध्ये बसणारी धूळ. ती इथे कोरडी नसते, ओल आणि मीठ मिळून चिकट थर होतो, नुसत्या ब्रशने निघत नाही. जितकी वीज जास्त, तितकी उष्णता जास्त, तितके पंखे जोरात आणि तितकी ही हवा आत. ३०६० मे महिन्यात सतत घोंघावत असायचं. ४०६० चे पंखे साध्या कामाला थांबलेलेच असतात. अर्थात हे कंपनी आणि मॉडेलवरही आहे, माझी दोन्ही कार्डं एकाच कंपनीची नव्हती. कोणतंही घ्या, पावसात काम नसलं तरी मशीन रोज थोडा वेळ चालू ठेवा, आतली ओल सुटते. कधी डिस्प्ले आलाच नाही तर कार्ड काढून सोनेरी पट्टीवर हलकेच खोडरबर फिरवा आणि परत बसवा. बऱ्याचदा दुरुस्तीवाल्याकडची फेरी वाचते. वॉरंटीला पाठवायचं झालं तर आम्हाला मुंबई, नाहीतर घाट चढून कोल्हापूर. हे अंतर किमतीत धरायला लोक विसरतात.

४०६० घेण्याआधी मदरबोर्ड मात्र तपासा. हे कार्ड पीसीआयई ४.० च्या (कार्ड बोर्डाला जोडणाऱ्या वाटेच्या) आठच लेन वापरतं, ३०६० सोळा. तुमचा बोर्ड ३.० चा असेल तर ४०६० ला निम्मीच वाट मिळते. मेमरी पुरते आहे तोवर फारसं जाणवत नाही. ८ जीबी भरले आणि डेटा मशीनच्या रॅममध्ये सांडायला लागला की जाणवतं, कारण तो सगळा याच वाटेने ये-जा करतो. जुना बोर्ड आणि कामही भारी, असा दोन्हीचा मेळ असेल तर ३०६० बरं, हे मी माझ्या कलाविरुद्ध सांगतोय.

जुनं ३०६० घेताना दोन सावधगिऱ्या. एक, त्याच नावाचं ८ जीबीचंही ३०६० आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेलं. त्याचा रस्ता १२८ बिटचा, वेग २४० जीबीवर उतरलेला. म्हणजे ३०६० घेण्याचं कारणच त्यात नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुणा नातेवाइकाकरवी मागवत असाल तर "३०६०" एवढंच सांगू नका; १२ जीबी लिहिलेल्या बॉक्सचा फोटो मागवा. दोन, २०२१-२२ ची कार्डं क्रिप्टोच्या मायनिंगला (कार्डं रात्रंदिवस चालवून डिजिटल चलन मिळवायला) जुंपलेली असू शकतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाने मायनिंगची पद्धत बंद केली आणि कार्डं बाजारात आली. चिपला सहसा काही होत नाही, पंखे आणि थर्मल पॅड दमलेले असतात. पंखा बोटाने फिरवून बघा, खरखर असेल तर भाव पाडा.

माझं विचाराल तर: लग्न, साखरपुडे, जत्रा, रील्स, काम बहुतांशी एचडीत पोचवायचं, आणि घर लाइट जाणाऱ्या वाडीत, तर ४०६० घ्या. दशावताराचा दाणा मी आता एचडी टाइमलाइनवर काढतो, जड भाग आधीच रेंडर करून ठेवतो, ४के फुटेजच्या प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या नकला) बनवतो. कटकट आहे, पण माझ्या हातातली आहे. फांदी कधी तारेवर टेकेल ते माझ्या हातात नाही. कुडाळचा भाचा ब्लेंडरमध्ये घरांचे नमुने करतो, त्याच्याकडे मोठा यूपीएस आहे आणि लाइटही आमच्यापेक्षा बरी. ३०६० त्याच्याकडे सुखात आहे आणि त्याने ४०६० शी अदलाबदल करू नये, असं मी त्याला स्वतःहून सांगितलंय.

थोडे पैसे वर घालता येत असतील तर मे २०२५ चं ५०६० बघा. मेमरी ८ जीबीच, पण वेग ४४८ जीबी. वीज १४५ वॅट, म्हणजे वरच्या गणितात ३४० च्या आसपास, ३६० च्या आत पण काठाशी. नव्या कॅमेऱ्यांवर १०-बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती साठवणारं) शूट करणाऱ्यांना त्याचा खरा फायदा, कारण ते फुटेज ३०६० आणि ४०६० दोन्ही हार्डवेअरमध्ये उलगडू शकत नाहीत आणि टाइमलाइन अडखळते. त्यावर स्वस्तातला मार्गही आहे: एचईव्हीसी (एच.२६५) पद्धतीतलं ४:२:२ इंटेलच्या अकराव्या-बाराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स सहज चालवतं. त्यासाठी कॅमेऱ्यात एच.२६४ ऐवजी एचईव्हीसी निवडायचं, आणि प्रोसेसर घेताना नावाच्या शेवटी 'एफ' असलेला टाळायचा. त्यात ते ग्राफिक्स नसतं, आणि दुकानात नेमका तोच थोडा स्वस्त म्हणून पुढे केला जातो.